झोपायला शिकलेली चिप : मुंबईच्या टिफ्रॅकपासून नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंत

(नाशिक येथे द्वारका परिसरात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

वेळेवर आलात त्याबद्दल आधी तुमचं कौतुक करतो, कारण द्वारका सर्कल ओलांडून वेळेवर पोचणं ही काही साधी गोष्ट नाही. (हशा) मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथं एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीत आपण सगळे अडकतो. आज येताना मी एक गोष्ट बघत होतो. गाड्या उभ्या होत्या, पण बहुतेकांची इंजिनं चालू होती. जायचं कुठंच नाही, पेट्रोल मात्र जळतंय. रिक्षावाले तेवढे हुशार. त्यांनी इंजिन बंद केलं होतं.

आजचा सगळा विषय एवढाच आहे. संगणकाची चिप बहुतेक वेळ काहीच करत नसते, ती वाट बघत असते. बटण दाबण्याची, निरोप येण्याची, पानावर दव पडण्याची. या वाट बघण्याच्या वेळेत इंजिन बंद कसं ठेवायचं, आणि ते खरंच बंद आहे हे तपासायचं कसं, याचा इतिहास मी सांगणार आहे. शेवटी आपण आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत पोचू.

सुरुवात मुंबईपासून करू. १९६० च्या फेब्रुवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक संगणक कामाला लागला. आपल्याच लोकांनी रचलेला आणि बांधलेला. पुढं १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, म्हणजे जुन्या रेडिओत लाल दिसायचे ते. अशा एका छोट्या व्हॉल्व्हची तार तापवायलाच साधारण दोन वॅट लागतात. २७०० नं गुणा, पाच किलोवॅटच्या वर गेलो. हा माझा अंदाज आहे, आणि यात हिशेब कराय‌ला लागणारी वीज अजून धरलेलीच नाही. यंत्र गणित करो वा न करो, तारा तापलेल्याच. तेव्हा कुणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण वीज भिंतीतून येत होती. विजेचा विचार माणूस कधी करतो? भिंत सुटली की.

भिंत सोडण्याची सोय १९६३ मध्ये झाली. अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वनलास नावाचा तरुण होता. त्यानं दोन विरुद्ध स्वभावाचे ट्रान्झिस्टर जोडीनं बसवले. एक उघडला की दुसरा मिटतो. घरात पाण्याच्या टाकीला एक नळ वर आणि एक खाली आहे असं समजा, आणि दोन्ही एकाच वेळी कधीच उघडे नसतात. मग पाणी सरळ वाहून जाणार कसं? फक्त अदलाबदल होताना थोडंसं सांडतं. या रचनेला सीमॉस म्हणतात. नुसतं बसून राहण्याचा विजेचा खर्च आधीच्या रचनांपेक्षा दहा लाख पटींच्या घरात खाली आला. आज तुमच्या खिशात, मनगटावर, मीटरच्या पेटीत जे आहे ते बहुतेक सगळं या रचनेचं आहे.

पण उद्योगानं ती लगेच उचलली नाही. पहिल्या सीमॉस चिपा संथ होत्या, बनवायला महाग होत्या. मोठ्या संगणकवाल्यांना वेग हवा होता. मग ती घेतली कुणी? घड्याळवाल्यांनी. कारण घड्याळात भिंत नाही, बटणाएवढा सेल आहे. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये सेकोचं क्वार्ट्झ घड्याळ आलं. १९७२ मध्ये अमेरिकेत पल्सर नावाचं आकडे दाखवणारं घड्याळ विकायला आलं, सोन्याचं, २१०० डॉलरचं. आणि त्यात गंमत अशी की वेळ बघायला बटण दाबावं लागे! लाल आकडे सतत पेटते ठेवले तर सेल टिकणार नाही. आपल्याला हसू येतं, पण कमी विजेच्या शास्त्राचा पहिला धडा हाच आहे. विचारल्याशिवाय बोलू नका.

क्वार्ट्झच्या घड्याळातला एक आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ३२,७६८. बहुतेक घड्याळांतला स्फटिक सेकंदाला एवढ्या वेळा थरथरतो. एकाला पंधरा वेळा दोननं गुणत गेलं की हा आकडा येतो, आणि पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो.

आता थोडं आपल्याकडचं. १९८२ च्या मे महिन्यात केरळात परावूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर मतदान यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं. पुढं त्या यंत्राच्या बांधणीत मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातल्या प्राध्यापकांचा हात लागला. २००४ च्या लोकसभेला सगळ्या मतदारसंघांत यंत्रं होती. त्याच्या राजकारणात मी आज शिरत नाही. (हशा) मला एकच गोष्ट दाखवायची आहे. हे यंत्र बॅटरीवर चालतं. ज्या पाड्यावर लाइट नाही, किंवा आहे पण दुपारी जाते, तिथंही ते दिवसभर चाललंच पाहिजे. म्हणजे कमी वीज ही इथं काटकसर राहिली नाही, मतदान होणार की नाही याचा तो प्रश्न झाला.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. केंब्रिजला एकॉर्न नावाची छोटी कंपनी, आणि तिथं सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर. त्यांनी स्वतःचा प्रोसेसर रचला. त्यात फक्त २५ हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर. चिपेचं वेष्टन त्यांना स्वस्त प्लास्टिकचं हवं होतं, आणि चिप एका वॅटच्या वर तापली तर प्लास्टिक चालत नाही. म्हणून ती थंड ठेवायची. बघा, काटकसर पैशाची होती, विजेची नव्हती. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली, बोर्डावर बसवली आणि चालली. मग वीज किती घेते हे मोजायला अँमीटर लावला, तर काटा शून्यावर! चिप काम करतीय आणि वीज घेत नाही?

शोधल्यावर कळलं की बोर्डावर चिपेच्या वीजपुरवठ्याची जोडणीच झालेली नव्हती. बाजूच्या चिपांकडून येणाऱ्या संदेशांच्या तारांतून जी थोडी वीज झिरपत होती, तेवढ्यावर हा प्रोसेसर चालला होता. नीट मोजल्यावर तो एका वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास भरला. हाच तो एआरएम, जो आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. ही गोष्ट सगळे जण एआरएमचं कौतुक म्हणून सांगतात. मी मात्र ती मोजमापाची गोष्ट म्हणून सांगतो. मीटर शून्य दाखवतो तेव्हा वीज लागत नाही असं नसतं. तुम्ही चुकीच्या तारेवर बघत असता.

नव्वदच्या दशकात या सगळ्याचं शास्त्र झालं. चेन्नईत जन्मलेले अनंत चंद्रकासन तेव्हा बर्कलीला शिकत होते. १९९२ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला, तो आजही विद्यार्थी वाचतात. मुद्दा सोपा आहे. सीमॉस चिपेचा खर्च तीन गोष्टींवर ठरतो : किती तारा भराव्या-रित्या कराव्या लागतात, किती वेळा, आणि किती व्होल्टेजनं. यातल्या व्होल्टेजचा वर्ग होतो. व्होल्टेज निम्मं केलं की खर्च चौथाईवर. चिप संथ होते, मान्य. मग दोन संथ चिपा शेजारी बसवा, काम वाटून द्या. एका माणसाला पळवण्यापेक्षा दोघांना चालवणं स्वस्त, ही गोष्ट कुठल्याही मुकादमाला ठाऊक असते.

१९९४ मध्ये प्रिन्स्टनमध्ये विवेक तिवारी, शरद मलिक आणि अँड्र्यू वुल्फ यांनी आणखी साधी गोष्ट केली. प्रोसेसरच्या पुरवठ्याच्या तारेत अँमीटर लावला आणि एकच आज्ञा पुन:पुन्हा चालवली. बेरीज, बेरीज, बेरीज. आकडा टिपला. मग स्मरणातून आणण्याची आज्ञा. आकडा टिपला. असं करत प्रत्येक आज्ञेचा विजेचा भाव ठरवला. किराणा दुकानातल्या भावफलकासारखा. तोपर्यंत वीज हे चिप बनवणाऱ्याचं दुखणं होतं. त्या भावफलकानंतर प्रोग्रॅम लिहिणारासुद्धा उत्तरदायी झाला. खराब लिहिलेला प्रोग्रॅम बॅटरी खातो, हे आता आकड्यांत दाखवता येऊ लागलं.

याच सुमारास कारखान्यातली एक अडचणही पुढं आली. चिप बनली की तिची चाचणी होते. चाचणीत वेळ वाचवायचा म्हणून चिपेतले हजारो घटक एकदम उलटसुलट करतात, जे रोजच्या कामात कधीच घडत नाही. त्यामुळं चाचणीत चिप नेहमीपेक्षा जास्त वीज खाते, दुप्पटही. मग होतं काय, चिप गरम होते, आतलं व्होल्टेज खचतं, आणि चांगली चिप नापास होते. परीक्षा अभ्यासक्रमाबाहेरची असली की हुशार मुलगा नापास होतो, तसंच. म्हणून चाचणीचे नमुनेसुद्धा कमी विजेचे असावेत, हे एक वेगळं शास्त्र झालं.

आणि चिपा बारीक होत गेल्या तसं ते दोन नळांचं चित्र बिघडलं. नळ इतके लहान झाले की मिटलेले असतानाही ठिबकू लागले. २००४ मध्ये इंटेलनं आपला एक अतिवेगवान प्रोसेसर मध्येच सोडून दिला आणि एकाऐवजी अनेक गाभ्यांच्या रस्त्याला लागली. यामागचं मोठं कारण उष्णता. तेव्हापासून चिपेतला जो भाग लागत नाही त्याचा पुरवठाच तोडायचा, हा रिवाज पक्का झाला. रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायचा, आपल्या आजीचा नियम!

आता या, नाशिकला.

२००० नंतरच्या दशकात मुंबई आयआयटीतल्या उदय देसाई आणि शब्बीर मर्चंट यांच्या प्रयोगशाळेनं ॲग्रिसेन्स नावाचा प्रकल्प केला. बिनतारी संवेदकांचं जाळं शेतात लावायचं. आणि शेत कुठलं निवडलं? आपल्या सुला वाइनयार्डचं. हवेचं तापमान, आर्द्रता, मातीतला ओलावा, आणि पान किती वेळ ओलं राहिलं, हे मोजायचं आणि मोबाइलच्या जाळ्यातून मुंबईला पाठवायचं. देसाई पुढं हैदराबाद आयआयटीचे पहिले संचालक झाले.

पानाचा ओलावा कशाला? इथं बसलेल्या बागायतदारांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली, आणि ढगाळ हवा, पाऊस, रात्रभर पान ओलं, म्हणजे डाऊनी आलाच. फवारणी कधी करायची हे त्या ओल्या तासांवर ठरतं. उशीर झाला तर घड गेले. भीतीनं रोज फवारलं तर खर्च गेला आणि निर्यातीला औषधाचा अंश नडला.

आता हिशेब करू. त्या पिढीचा एक नावाजलेला बोर्ड टेलॉस, बर्कलीत तयार झालेला, २००४ च्या सुमाराचा. त्यावरचा प्रोसेसर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एमएसपी४३०. बोर्ड झोपलेला असताना साधारण पाच मायक्रोअँपिअर घेतो. जागा होऊन रेडिओ ऐकत बसला की सुमारे २२ मिलिअँपिअर. म्हणजे चार हजार पटींपेक्षा जास्त. दोन पेन्सिल सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचे धरा. रेडिओ सतत चालू ठेवला तर २५०० भागिले २२, म्हणजे ११४ तास. पाच दिवसही नाहीत. बागेत कोण दर पाचव्या दिवशी सेल बदलत फिरणार? आता तोच बोर्ड शंभरातला एकच क्षण जागा ठेवा आणि ९९ क्षण झोपवा. सरासरी येते पाव मिलिअँपिअरच्याही खाली. सेल टिकतात ४५० दिवसांच्या वर. छाटणी ते काढणी हंगाम आरामात निघाला आणि पुढचाही बराचसा.

आणि झोपलेल्याला उठवतं कोण? तोच घड्याळातला स्फटिक, ३२,७६८ वाला. १९७० च्या मनगटावरची युक्ती बागेच्या मांडवाखाली येऊन बसली.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघा-तिघांनी मिळून दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत असंच जाळं बसवलं होतं. छोटे बोर्ड सेलवर, आणि सगळ्यांचे निरोप गोळा करून पुढं पाठवणारी एक पेटी, तिला सौर पॅनेल, बॅटरी आणि मोबाइलचा मोडेम. दुकानात पंधरा दिवस चाचणी घेतली. खिडकीत लख्ख ऊन, मोबाइलच्या पाचही काड्या. बॅटरी रोज संध्याकाळी भरलेली.

नोव्हेंबरात अवकाळी आला. तीन दिवस आभाळ भरलेलं, पॅनेलमधून काहीच नाही. एवढं आम्ही धरलं होतं. धरलं नव्हतं ते हे की वादळात मोबाइलच्या टॉवरचीच लाइट जाईल. टॉवर गेला, आणि आमचा मोडेम टॉवर शोधत बसला. सापडत नाही, म्हणून आणखी जोर लावून शोधतो. असा मोडेम जोर लावतो तेव्हा क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'आता पुरे, तासाभरानं बघू' ही ओळ नव्हती. तिसऱ्या रात्री बॅटरी उतरली. त्याच रात्री पानं सर्वांत जास्त वेळ ओली होती, आणि त्याच रात्रीचा आकडा आमच्याकडं नाही. बागायतदारांनी फोन केला, 'सर, फवारू का?' मी काय सांगणार? त्यांनी अंदाजानं फवारलं, पण एक दिवस उशिरा. खालच्या अंगाचे घड गेले. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. चहा दिला. त्याचंच जास्त लागलं.

त्यानंतर मला कमी विजेचा अर्थ कळला. रोग ढगात येतो आणि ऊनही ढगातच जातं. यंत्राची गरज सर्वांत जास्त तेव्हाच असते जेव्हा त्याच्यापाशी वीज सर्वांत कमी असते. त्यामुळं सरासरी खर्च किती, हा प्रश्न अपुरा आहे. सर्वांत वाईट आठवड्यात खर्च किती, हा खरा प्रश्न.

आणि तो मोजायचा कसा, हेही त्यानंतरच शिकलो. हातातला मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावला की बऱ्याच मीटरांत आत सुमारे १०० ओहमचा रोध मध्ये येतो. बोर्ड झोपलेला आहे तोवर ठीक. तो २० मिलिअँपिअर घेऊन उठला की त्या रोधावरच दोन व्होल्ट पडतात. तीन व्होल्टातले दोन मीटरनंच खाल्ले! बोर्ड बिचारा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि आपल्याला वाटतं बोर्ड खराब आहे. यावर गरिबाची युक्ती आहे. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरा, बोर्ड झोपवा, आणि त्या कपॅसिटरवर चालू द्या. अर्धा व्होल्ट उतरायला शंभर सेकंद लागले तर झोपेचा खर्च पाच मायक्रोअँपिअर. अट एकच, कपॅसिटर आपला आपण किती गळतो ते आधी बोर्डाशिवाय बघून घ्यायचं. घड्याळ आणि वही एवढ्यावर हे मोजमाप होतं.

शेवटचं उदाहरण. इथूनच पुणे रस्त्याला लागा, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुण्याला पोचा. तिथं सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी स्वयम् नावाचा उपग्रह बनवला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोच्या आसपास. २००८ च्या सुमारास काम सुरू झालं, आणि २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ नं तो वर नेला, एकूण २० उपग्रहांबरोबर. मधल्या आठ वर्षांत विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या आल्या आणि पास होऊन गेल्या असतील, बघा.

एवढ्या ठोकळ्याच्या एका बाजूवर वर अवकाशात साडेतेरा वॅट ऊन पडतं. त्यातली फार तर चौथाई-तिसराई विजेत पकडता येते, आणि सेल सगळी बाजू व्यापत नाहीत, ऊन तिरपंही पडतं. शिवाय सुमारे दीड तासाच्या प्रत्येक चकरीत अर्ध्या तासाहून जास्त पृथ्वीची सावली. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा रात्र! अशा घरात विजेवर तोंड वळवणारी यंत्रणा परवडणार नाही. म्हणून या मुलांनी उपग्रहात कायमचे चुंबक बसवले आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रालाच त्याला सरळ धरायला लावलं. डोलणं शमवायला खास धातूच्या कांड्या. होकायंत्राला कुठं बॅटरी लागते? तसंच. त्या कामाचा विजेचा खर्च शून्य, आणि हे शून्य खरं शून्य आहे, एकॉर्नच्या मीटरमधलं नव्हे. (टाळ्या)

आता तुम्ही विचारा.

प्रश्न : एवढी वीज वाचली म्हणता, मग आमचा मोबाइल रोज रात्री चार्जिंगला का लावावा लागतो? पूर्वीचा साधा फोन आठवडा जायचा.

उत्तर : चांगलं विचारलंत. वाचलेली वीज आपण लगेच दुसरीकडं खर्च केली. पगार वाढला की खर्च वाढतो, तसं. मोठा पडदा, सतत चालू इंटरनेट, दर मिनिटाला जागी होणारी ॲप्स. प्रोसेसर झोपायला तयार आहे, आपण त्याला झोपू देत नाही. साधा फोन टिकायचा कारण त्याला उठवायला कुणी नव्हतं. आणखी एक. पडदा आणि रेडिओ यांच्या खर्चाला सीमॉसची युक्ती फारशी लागू पडत नाही. डोळ्याला दिसेल एवढा उजेड द्यावाच लागतो, टॉवरला ऐकू जाईल एवढं ओरडावंच लागतं.

प्रश्न : मी पिंपळगावकडचा आहे. बागेत हवामान केंद्र बसवायचं चाललंय. विकणारे सगळे सांगतात, बॅटरी पाच वर्षं जाईल. आम्ही काय विचारून घ्यावं?

उत्तर : तीन गोष्टी विचारा भाऊ. पहिली, ऊन अजिबात नसेल तर किती दिवस चालेल? वर्षं सांगू नका म्हणावं, ढगाळ दिवस सांगा. दुसरी, मोबाइलची रेंज गेली तर यंत्र काय करतं? शोधत बसतं की थांबून थांबून बघतं? तिसरी, रेंज नसतानाचे आकडे यंत्रातच साठतात का, आणि रेंज आल्यावर पुढं जातात का? या तिन्हीची उत्तरं लेखी घ्या. आणि बसवल्यावर एकदा स्वतः करून बघा. पॅनेलवर गोणपाट टाका, सिमकार्ड काढून ठेवा, आणि चार दिवसांनी बघा जिवंत आहे का. विकणारा रागावला तर रागावू द्या. ही चाचणी ऑगस्टमध्ये करा, छाटणीनंतर नको.